मधला पीस

मला हिंदी सिनेमातल्या गाण्यांचे शब्द येत नाहीत. मुखडा येतो, तोही अर्धामुर्धा. पहिल्या कडव्यापासून मी ‘ला ला ला’वर असतो. मात्र मुखडा संपल्यावर व्हायोलिनं कुठून उठतात, त्यांत बासरी कुठे शिरते, अकॉर्डियन कोणत्या सुरावर गाणं परत गाणाऱ्याच्या हाती देतं, हे मला झोपेतून उठवून विचारा. घरात अंताक्षरी सुरू झाली की मला पाणी आणायला पाठवतात. बायको म्हणते, “यांना गाण्यातलं सगळं येतं, गाणं तेवढं येत नाही.”

तिचं खरं आहे. माझे कान असे उलटे घडले ते एका माणसामुळे. त्याचं देणं मी फेडलेलं नाही. फेडायची एक संधी आली होती, ती मी तीन वर्षं खिशात घालून हिंडलो.

मिरजेला आमच्या वाड्याच्या मागच्या सोप्यात एक बँडमास्तर भाड्याने राहायचे. गावात त्यांना नुसतं ‘मास्तर’च म्हणत, तेव्हा इथेही तेवढंच पुरे. अकरा जणांचा ताफा: दोन क्लॅरोनेट, दोन ट्रंपेट, एक युफोनियम, साइड ड्रम, ढोल, झांज, खुळखुळा आणि दोन पोरं, जी गरज पडेल ते वाजवत. लाल डगले, खांद्यावर पिवळे गोंडे. मास्तर क्लॅरोनेट वाजवत. त्यांच्या घरात वाडवडलांपासून सनई होती, वडलांनी ती ठेवली आणि क्लॅरोनेट घेतलं. दोन गल्ल्या पलीकडे सतारमेकरांची घरं. त्यांच्या माळवदांवर पंढरपूरकडून आलेले भोपळे वाळत पडलेले असत. दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीला रात्ररात्र गाणं चाले. अशा गावात बँडवाल्याला कलावंत कोण म्हणणार? मास्तरही म्हणवून घेत नसत. “आमचं काम वरात पोचवायचं,” एवढंच म्हणायचे.

तुळशीचं लग्न लागलं की त्यांचा सीझन सुरू व्हायचा, तो ज्येष्ठापर्यंत. मग पाऊस आणि चातुर्मास. बँडवाल्यांचा हा अभ्यासाचा काळ, कारण गणपतीत नवी गाणी लागत. मिरजेची विसर्जनाची मिरवणूक दुसरा दिवस उजाडला तरी संपत नाही, आणि गेल्या साली वाजवलेलंच पुन्हा वाजवलं तर लोक तोंडावर सांगत.

पण नवी गाणी मिळवायची कुठून? मास्तरांकडे ग्रामोफोन नव्हता, रेडिओही नव्हता. रेडिओ आमच्याकडे होता, पोस्टात लायसन्स भरलेला, क्रोशाच्या रुमालाखाली. विविध भारती किंवा सिलोन जे लावेल ते ऐकायचं. हवं ते गाणं कधी लागेल याचा नेम नाही, आणि लागलं तर साडेतीन मिनिटांत संपणार. पुन्हा कधी, कोणास ठाऊक. तेवढ्या वेळात अख्खं गाणं धरायचं. ‘धरायचं’ हा मास्तरांचाच शब्द.

गळ्याने गायलेलं धरायला सोपं, असं ते म्हणत. ते चार वेळा येतं, लोकही गुणगुणतात. अवघड ते मधलं. मुखडा आणि कडवं यांच्या मध्ये वाद्यांचा जो तुकडा वाजतो त्याला वाजवणारे ‘पीस’ म्हणतात. पहिल्या कडव्याआधीचा पीस वेगळा, दुसऱ्याआधीचा वेगळा, दोन्ही एकेकदाच वाजणार. एका माणसाच्या डोक्यात हे सगळं मावत नाही. म्हणून १९७० च्या पावसाळ्यात मास्तरांनी आम्हा भावंडांना कामाला लावलं. मी दहा वर्षांचा, ताई तेरा. सुरुवातीचं म्युझिक आणि चाल मास्तर धरणार, पहिला पीस मी, दुसरा ताई.

“बंड्या, तुला शब्दाशी काय करायचं न्हाई. बँडाला तोंड हाय, जीभ न्हाई. तू फक्त तुझा पीस धर.”

आमच्या घरात तेव्हा जे चाले ते बाहेरच्या माणसाने पाहिलं असतं तर वेड्यांचं घर म्हटलं असतं. गाणं संपलं की त्याच क्षणी ताई खटका दाबून रेडिओ बंद करी, कारण पुढचं गाणं लागलं तर डोक्यातलं पुसलं जाणार. मग आम्ही दोघं तोंडात पाण्याची चूळ धरल्यासारखे मागच्या सोप्याकडे निघत असू. ओठांतल्या ओठांत आपापला पीस पुन्हा पुन्हा म्हणत. आईने काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. मधल्या अंगणात निसरडं झालेलं असे, तिथे एकदा मी घसरलो, गुडघा फुटला, तरी रडलो नाही, कारण रडलो असतो तर पीस गेला असता. सोप्यात पोचलो की आधी ताई म्हणे, मास्तर क्लॅरोनेटवर शोधून वहीत सारेगम लिहून घेत, मग माझी पाळी. ताईचा नंबर आधी, कारण तिचा पीस मागाहून ऐकलेला, ताजा, तो आधी उतरवला तर पक्का मिळतो, असा मास्तरांचा हिशोब होता. आणि मी? मी तोवर धरून ठेवायचं. मुलाने ताकद कमवावी म्हणून.

दोन पावसाळ्यांत माझे कान शब्द सोडून द्यायला शिकले. लताबाई गाऊ लागल्या की मी निवांत व्हायचो, त्या थांबल्या की सावध. इतर मुलं करतात त्याच्या नेमकं उलट.

मास्तरांची मतं ठाम होती. ‘नागिन’ त्यांच्या मनातून उतरला होता. तो सिनेमा १९५४ चा, पण प्रत्येक वरातीत कुणीतरी नवरदेवाचा दोस्त दातात रुमाल धरून रस्त्यावर आडवा व्हायचाच आणि मास्तरांना गाल फुगवून पुंगीची ती धून काढावी लागे. दहाची नोट क्लॅरोनेटपुढे हलवली जाई. मास्तर वाजवत, नोट घेत आणि घरी येऊन चूळ भरत. “ही पुंगी न्हवं,” ते म्हणत. “पुंगीला असा सूर लागत न्हाई. ही कायतरी पेटी हाय.” आम्हाला हसू यायचं, कारण पडद्यावर धडधडीत पुंगी दिसत होती. फार वर्षांनी मी वाचलं: हेमंतकुमारांच्या त्या संगीतात पुंगीचा आवाज कल्याणजींनी काढला होता, क्लाविओलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या छोट्या की-बोर्डवर, आणि त्याला संगीतकार रवींच्या हार्मोनियमची जोड होती. तोवर गावोगावचे गारुडीही आपल्या खऱ्या पुंगीवर ती खोटी पुंगी वाजवू लागले होते. मिरजेच्या सोप्यात बसून, नुसत्या कानावर, मास्तरांनी पेटी ओळखली होती.

‘शोले’ची गोष्ट वेगळी. १९७६ च्या मे महिन्यात एका बड्या घरच्या लग्नात मुलीच्या मामाने माउथ ऑर्गनची ती धून मागितली, जय संध्याकाळी पायरीवर बसून वाजवतो ती. मास्तरांनी क्लॅरोनेट तोंडाला लावलं, काढलं, रीडकडे पाहिलं आणि सांगितलं की रीड फुटली, दुसरं काही सांगा. रीड धड होती. मी त्या लग्नात जेवायला गेलेलो, बाजूलाच उभा होतो. नंतर विचारलं तर म्हणाले, “वर माडीवर ती बाई एकेक दिवा मालवतीया. विधवा हाय ती. नव्या नवरीच्या फुडं त्यो पीस वाजवायचा? वाजिवणाऱ्याला अक्कल नको?” तो माउथ ऑर्गन राहुलदेव बर्मनच्या ताफ्यातल्या भानू गुप्तांनी वाजवला होता. त्या धुनीला शब्द नाहीत. तरी ती कुणाची आहे हे मास्तरांना कळत होतं, आणि मामाला शब्द असते तरी कळलं नसतं.

१९७२ आला तो दुष्काळ घेऊन. लग्नं लांबली, झाली ती चार माणसांत. ताफा पांगला. मास्तर दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. संध्याकाळी बोटं सुजलेली असत, क्लॅरोनेटच्या भोकांवर नीट बसत नसत, हवा निसटे. तरी रेडिओ लागला की सोप्यातून हाक यायची, “बंड्या, धर रं.” वाजवायला काम नव्हतं, धरायचं मात्र चालू होतं. तेव्हा ते मला विचित्र वाटायचं.

१९८१ साली बँकेत लागून मी मुंबईला आलो, आणि हे पीस मुळात वाजवले कुणी याचा शोध लागला. म्हणजे शोध घ्यावा लागला, कारण रेकॉर्डवर गायकाचं नाव, गीतकाराचं नाव, संगीतकाराचं नाव. वाजवणाऱ्याचं नाव छापायची पद्धतच नव्हती. इनॉक डॅनियल्सचं अकॉर्डियन किंवा हजारासिंगांची गिटार अशा, गाणी वाद्यावर वाजवलेल्या रेकॉर्डी निघत, त्यांच्यावर तेवढी वाजवणाऱ्याची नावं. एरवी सगळे बेनाम. कुणी जुना वादक भेटला की मी चिकटायचो. हळूहळू नावं जमली. ‘दोस्ती’तला लंगडा मुलगा माउथ ऑर्गन वाजवतो, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, साल १९६४, आणि तो वाजवलाय राहुलदेव बर्मनने, जो तेव्हा स्वतः संगीतकार झालेला होता. ‘आराधना’तल्या त्या शेकोटीच्या गाण्यातलं अकॉर्डियन केर्सी लॉर्डचं. ‘कोहिनूर’मध्ये दिलीपकुमारच्या बोटांखाली जी सतार वाजते ती अब्दुल हलीम जाफर खाँची. व्ही. शांताराम यांच्या ‘झनक झनक पायल बाजे’त, १९५५ साली, संतूर वाजवणारा जम्मूचा मुलगा म्हणजे शिवकुमार शर्मा, वय सतराच्या आसपास. त्याच शर्मांनी ‘गाइड’मधल्या लताबाईंच्या एका गाण्यात तबला धरलाय, हे ऐकून मी दोन दिवस ते एकच गाणं ऐकत होतो.

आणि गोवेकर. त्यांच्यावाचून हिंदी सिनेमाचं वाद्यवृंदाचं पानच हललं नसतं. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्टाफ नोटेशन वाचायला शिकवत. ती मुलं व्हायोलिन आणि ट्रंपेट घेऊन मुंबईत उतरली, धोबीतलावच्या गाववार क्लबांतून राहिली, रात्री हॉटेलांत जॅझ आणि दिवसा स्टुडिओत आपलं. संगीतकार पेटीवर चाल करी, मधले पीस फुलवून चाळीस-पन्नास जणांच्या हातात कागद देणारा अरेंजर बहुधा गोवेकर. शंकर-जयकिशनकडे सॅबेस्टियन डिसोझा कित्येक वर्षं हे काम करत. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त हळदोण्याचा ट्रंपेटवाला चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावरच दिसतो, हा अपवाद. मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली झेवियर्स कॉलेजच्या आवारात आपला वाद्यवृंद उभा करून हिंदुस्थानी राग त्याला वाजवायला लावले, गायला लताबाई आणि मन्ना डे. त्यांचे व्हायोलिनचे शिष्य प्यारेलाल. १९७७ मध्ये अमिताभ अंड्यातून बाहेर येऊन आपलं नाव सांगतो ते नाव या गुरूंचं. देशभर लोकांनी ते नाव नाचून म्हटलं आणि विनोदी पात्राचं समजले. मला त्या गाण्याचे शब्द येतात. एवढंच एक.

हे सगळे स्टुडिओत एकत्र बसून, गायकासकट, एका दमात वाजवत. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये नाही तर वांद्र्याच्या मेहबूबमध्ये. एकाचा सूर हलला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. आपण ऐकतो तो ज्या खेपेला कुणीही चुकलं नाही तो टेक.

चुकलो मी.

‘काश्मीर की कली’मध्ये रफीसाहेबांचं एक सॅक्सोफोनचं गाणं आहे. ओ. पी. नय्यरांचं संगीत, शम्मी कपूर प्यालेला. नाव सांगायला नको, सॅक्सोफोन म्हटलं की जाणकारांना कळलं. १९७१ च्या श्रावणात एका रात्री ते छायागीतात लागलं. गाणं जुनं, पण मास्तर कधीपासून त्याच्या मागावर होते. बँडात सॅक्सोफोन नव्हता आणि हे क्लॅरोनेटवर शोभेल असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. नेमका ताईला त्या दिवशी ताप. दोन्ही पीस मी धरायचे होते. मी धरले, बाहेर धो धो पाऊस, डोक्यावर पोतं घेऊन सोप्यात पोचलो आणि उतरवून दिले. गणपतीत बँडने ते वाजवलं आणि गाव वेडं झालं. लोकांनी मिरवणूक अडवून पुन्हा पुन्हा मागितलं. पुढची दहा वर्षं त्या गाण्याशिवाय मास्तरांची एक वरात सुटली नाही.

मुंबईत १९८४ साली मी टेपरेकॉर्डर घेतला. त्या गाण्याची कॅसेट आणली, शिटीवर सॅक्सोफोनची साथ करू लागलो आणि दुसऱ्या पीसमध्ये मी एकटाच पुढे निघून गेलो. रिवाइंड केलं. पुन्हा तेच. पाचव्या-सहाव्या खेपेला ध्यानात आलं की उतरताना सॅक्सोफोन एक फिरकी घेतो, चार मात्रांची, ती मी त्या पावसात गाळली होती. मधल्या वर्षांत रेडिओवर ते गाणं कितीदा तरी ऐकलं असेल. कानाला जे माहीत होतं तेच तो ऐकत राहिला. तेरा वर्षं मिरज आणि आसपासची खेडी माझी चूक नाचत होती.

सॅक्सोफोन कुणाचा, ते नंतर कळलं. मनोहारी सिंग. त्यांची सुरुवात कोलकात्याजवळच्या बाटानगरला, चपलांच्या कंपनीच्या ब्रास बँडमध्ये झाली होती. १९५८ च्या सुमाराला ते मुंबईला आले. म्हणजे तो पीस बँडवाल्याचाच होता. बाटानगरहून निघाला, मुंबईत सॅक्सोफोनवर चढला आणि मिरजेत पुन्हा लाल डगल्यात आला. चार मात्रा तेवढ्या वाटेत सांडल्या.

आता त्या खिशातल्या संधीबद्दल. मुंबईला निघालो तेव्हा मास्तरांनी एकच गोष्ट मागितली होती, क्लॅरोनेटच्या रीडची डबी. मिरजेत मिळत त्या बोदल, आठ दिवसांत मऊ पडणाऱ्या. मुंबईत चांगल्या विलायती मिळतात असं त्यांनी ऐकलं होतं. दहा रुपये बळेच हातात कोंबले. मी हो म्हणालो. पहिली दिवाळी विसरलो. दुसऱ्या वर्षी दुकान बंद होतं. उघडेपर्यंत थांबलो नाही. तिसऱ्या वर्षी ताईच्या पत्रात आठवण होती, तरी राहिलं. कॅसेटच्या प्रकारानंतर मात्र मी दुसऱ्याच दिवशी जाऊन डबी घेतली आणि पुढच्या सुटीत मिरज गाठली.

मास्तर सोप्यात खाटेवर बसलेले. डबी पाहून खूश झाले, एक रीड काढून उजेडात धरली, अंगठ्याच्या नखाने टोक चाचपलं. मग हसले, आणि मला दिसलं की पुढचे वरचे दात नाहीत. क्लॅरोनेटचं तोंड वरच्या दातांवर टेकवावं लागतं.

“चांगल्या हायत,” ते म्हणाले. “पोरास्नी दीन.”

मला काही सुचेना म्हणून मी ती दुसरीच गोष्ट काढली. “मास्तर, त्या सॅक्सोफोनच्या गाण्यातला दुसरा पीस चुकलाय.”

“चार मात्रा,” मास्तर म्हणाले.

“तुम्हाला माहीत होतं?”

“आठ दिसांत कळलं. पुन्ना लागलं की रेडिओवर.”

“मग सांगितलं का नाही?”

त्यांनी रीड डबीत ठेवली, झाकण लावलं. “अकरा जणांना शिकवून झालं हुतं. शिकिवण्यापरास विसरायला लावणं लई अवघड. आन् तुला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू धरायला बसला असतास व्हय?” थोडं थांबून म्हणाले, “आन् चार मात्रा कमी म्हंजी वरात तेवढी लवकर पोचती.”

बसलो नसतो. दहा-अकरा वर्षांचा होतो, आणि त्या गणपतीत मिरवणुकीपुढे छाती काढून चालत होतो.

मास्तर १९९१ साली गेले. वही त्यांच्या ताफ्यातल्या कुणाकडे तरी गेली असावी.

गेल्या वर्षी गणपतीला मी आणि ताई मिरजेत होतो. आवाजाच्या भिंती लावलेले ट्रॅक्टर जाईपर्यंत आम्ही कानात कापूस घालून गच्चीवर बसलो. पहाटे चारच्या सुमाराला एका छोट्या मंडळाचा गणपती आला, पुढे सात-आठ जणांचा बँड. क्लॅरोनेटवाला फार तर तिशीचा. तेच गाणं. पहिला पीस बरोबर वाजवला. दुसरा सुरू झाला तशी ताईने माझा हात धरला. दोघंही मात्रा मोजू लागलो.

चार कमी होत्या.